आरशामागचे गुरू

विवाह आणि कुटुंब-उपचाराचे विद्यार्थी वर्गात आधी आपसांत सोंगे घेऊन सराव करतात. एक नवरा होतो, एक बायको, तिसरा उपचारक. पण सोंगातली बायको खरोखरच मुलांना घेऊन माहेरी निघून जात नाही. हे काम हाताला लागायचे तर खरे, मोडकळीला आलेले घरच समोर असावे लागते. मग शिकाऊ माणसाच्या चुकांची किंमत त्या घराने का मोजावी? अमेरिकेत या प्रशिक्षणाची जी रचना झाली, तिच्या मुळाशी हा प्रश्न आहे.

जुनी पद्धत अशी होती की विद्यार्थ्याने कुटुंबाला भेटावे आणि नंतर गुरूला हकिगत सांगावी. यातली अडचण उघड आहे. जे त्याला दिसलेच नाही, ते तो सांगणार कसे? कुटुंबात तर धोका दुप्पट. समोरचे भांडण ऐकता ऐकता उपचारक नकळत आईचा किंवा मुलाचा पक्ष घेतो, आणि आपण पक्षकार झालो हे त्याचे त्यालाच कळत नाही.

साल्वादोर मिनुचिन यांनी १९६५ साली फिलाडेल्फिया चाइल्ड गायडन्स क्लिनिकची सूत्रे हाती घेतली. पुढे जे हेली आणि ब्राउलिओ मोन्ताल्व्हो त्यांच्यासोबत होते. तेथे एका बाजूने आरसा आणि दुसऱ्या बाजूने खिडकी अशी काच लावलेली असे. विद्यार्थी कुटुंबाबरोबर बसे, गुरू काचेमागून पाहत आणि गरज पडली की फोनवरून त्याच क्षणी सूचना देत. चूक घडून गेल्यावर तपासण्याऐवजी घडतानाच सावरली जाई. पदवी नसलेल्या, गरीब वस्त्यांतल्या माणसांनाही याच संस्थेत असे तयार केले गेले. वस्तीतल्या घरांची भाषा त्यांना शिकवावी लागत नव्हती.

नियमांची चौकट वेगळ्या वाटेने आली. कॅलिफोर्नियाने १९६३ सालीच परवान्याचा कायदा केला. आज तेथे परवान्यासाठी देखरेखीखालील ३,००० तासांचा अनुभव लागतो, आणि तो किमान १०४ आठवड्यांत विभागलेला असावा लागतो. त्यांतले १,७५० तास प्रत्यक्ष समुपदेशनाचे, आणि त्यांपैकी ५०० जोडपी, कुटुंबे किंवा मुले यांच्यासोबतचे. पदवीपूर्वीचे जास्तीत जास्त १,३०० तास धरले जातात. विद्यार्थ्याला समुपदेशनाच्या दर पाच तासांमागे एक तास वैयक्तिक किंवा दोन तास गटातले मार्गदर्शन मिळावे लागते. आपल्याकडे परवाना नाही, आपण देखरेखीखाली काम करतो, हे त्याने समोरच्या माणसाला सांगणे बंधनकारक आहे.

तास मोजता येतात. नजर मोजता येत नाही. काचेमागे बसायला अनुभवी माणसाचा अख्खा तास खर्ची पडतो, म्हणून बरेचसे मार्गदर्शन पुन्हा ऐकीव हकिगतीवर येते. शिक्षण चालू असतानाचे काम बऱ्याचदा विनावेतन असते. ज्याच्या घरची चूल दुसऱ्या कोणाच्या कमाईवर पेटते, त्यालाच ते परवडते. ज्या वस्त्यांतून फिलाडेल्फियाने माणसे घेतली, त्यांच्यासाठी दार असे अरुंद होते.

कुटुंब न्यायालय कायदा, १९८४ नुसार आपल्याकडेही समुपदेशक नेमले जातात. पुण्यामुंबईत त्यांच्यासमोर बसणाऱ्या जोडप्यांच्या वतीने विचारायचा प्रश्न तोच आहे : आमच्या घराकडे पाहणाऱ्याकडे कोण पाहते?