मांडीची वर्दी पोटरीला

अंगावरून वारं गेलेल्या माणसाच्या चपला पाहाव्यात. एक धड असते, दुसरी चवड्याकडे आणि बाहेरच्या कडेला झिजलेली. पाऊल उचलताना चवडा खाली झुकतो, जमिनीला घासतो, म्हणून अख्खा पाय बाहेरून फिरवत पुढे आणावा लागतो. घरचे म्हणतात, पायातली शक्ती गेली. ते अर्धंच खरं आहे.

गुडघ्याखाली हातोडीने टिचकी मारली की पाय उडतो. ताणल्या गेलेल्या मांडीची वर्दी मज्जारज्जूत जाते आणि आकुंचनाचा हुकूम तिथूनच सुटतो. मेंदूला कुणी विचारत नाही. मेंदूचं काम या प्रतिक्षिप्त क्रियांना आवर घालण्याचं. एक स्नायू आवळला की त्याच्या विरुद्धचा सैल पडतो, हे चार्ल्स शेरिंग्टन यांनी उलगडलं. १९३२ साली त्यांना नोबेल मिळालं. पक्षाघातात मेंदूचा हा आवर सुटतो. सुरुवातीला लुळा पडलेला पाय काही आठवड्यांत ताठर होऊ लागतो. मांडीची वर्दी पोटरीच्या सोलियस स्नायूलाही पोहोचते. निरोगी माणसात ती लगेच दाबली जाते, इथे दाबली जात नाही. मग गुडघा सरळ करायला मांडी आवळली की पोटरीही आवळते आणि टाच वर ओढली जाते.

सपाटीवर हे कसंबसं निभतं. नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव-मोलगीकडच्या पाड्यांत उतार आला की मांडीने वजन धरायचं आणि पोटरीने हळूहळू ताण सोडायचा, नेमकी हीच जोडी बिघडलेली असते. म्हणून नुसती तेलमालिश पुरत नाही. पोटरी रोज ताणावी लागते, घोट्याला आधारपट्टा लावून चालण्याचा सराव करावा लागतो.

नंदुरबारच्या भिल्ल, पावरा समाजांत सिकलसेल हा रक्ताचा आजार बराच आढळतो, आणि या आजारात पक्षाघात लहान मुलांनाही गाठतो. मुलाचं हाड वाढत राहतं, आवळलेली पोटरी त्या वेगाने वाढत नाही. टाच टेकेनाशी होते. सिकलसेल असलेल्या मुलांच्या मेंदूकडे जाणाऱ्या रक्ताचा वेग कवटीबाहेरून डॉपलर या ध्वनिलहरींच्या तपासणीने मोजता येतो. तो जास्त निघालेल्या मुलांना नियमित रक्त दिलं तर पक्षाघाताचा धोका ९० टक्क्यांहून अधिक घटतो, हे १९९८ साली अमेरिकेतल्या चाचणीने दाखवून दिलं. ही डॉपलर तपासणी धडगाव, अक्कलकुव्याच्या सिकलसेलग्रस्त मुलांना घराजवळच्या रुग्णालयात, दर वर्षी मिळायला हवी.