आमचा सोनटक्का

तुम्ही सोनटक्का पाहिला आहे का? त्याची फुले पांढरीशुभ्र असतात आणि फुलपाखरासारखी दिसतात. संध्याकाळी फूल उमलले की सगळे परस घमघमते. रात्री लांब सोंडेचे पतंग त्यातला मध प्यायला येतात. एक फूल एकच दिवस टिकते, पण दुसऱ्या दिवशी नवीन फुले येतात.

सोनटक्का हळदीच्या कुळातला आहे. त्याला बी लावायला लागत नाही. मातीत हळदीसारखा गड्डा असतो. त्याला डोळे असतात, त्यातून कोंब येतात.

दोन वर्षांपूर्वी आजोळच्या आजीने मला दोन गड्डे दिले. ती म्हणाली, "याला सावलीत लाव हो, आणि पाणी दे." मी एक न्हाणीच्या मागे फणसाखाली लावला. दुसरा मुद्दाम अंगणात उन्हात लावला. मला वाटलं, ऊन जास्त तर फुलं जास्त! पावसात दोन्ही छान वाढले. पण दसऱ्यानंतर कडक ऊन पडले. अंगणातल्याची पाने कडेने करपली. सुट्टीत मी पाणी घालायला विसरलो आणि उन्हाळ्यात तो वाळून गेला.

त्याच उन्हाळ्यात आजी वारली. आजोळचे घर आता बंद असते. आजीचा सोनटक्का आता फक्त आमच्या न्हाणीमागे आहे. म्हणून मी त्याला रोज बघतो.

तिथे सकाळी ऊन येते, दुपारी फणसाची सावली असते. न्हाणीचे पाणी तिकडेच जाते, म्हणून माती ओली राहते. त्याला हेच पाहिजे.

लावायची रीत अशी आहे. पाऊस सुरू झाला की डोळे असलेला गड्ड्याचा तुकडा घ्यावा. दोन-तीन बोटे खोल पुरावा आणि शेणखत घालावे. दोन तुकड्यांत हातभर जागा ठेवावी. एका दांड्याला फुले येऊन गेली की त्याला परत फुले येत नाहीत. तो दांडा बुडाशी कापावा. बाजूने नवे कोंब येतात. उन्हाळ्यात पाणी चुकवू नये.

यंदा गौरींच्या वेळी आमचा सोनटक्का माझ्या डोक्याच्याही वर गेला. पहिले फूल आईने आजीच्या फोटोला वाहिले.

आता गड्डे पुष्कळ झाले आहेत. पुढच्या पावसात मी शाळेत आणणार आहे. आपण खिचडी खाऊन हात धुतो, त्या नळामागे सावली आहे. तिथे लावू. ज्यांना घरी पाहिजे त्यांनी मला सांगा. पण उन्हात लावू नका हं!

— इयत्ता ४ थी