कॉलेजचे साठ तास

मागच्या बैठकीत बचतीचे पैसे मोजून झाले आणि एक ताई तणतणत म्हणाल्या, "पोरीला बीएला घातलं ते शिकायला. आता सर म्हणतात, गावातल्या शाळेच्या पोरांना शिकव. हे फुकटचं काम कशाला?"

फुकटचं नाही, ताई. २०२० च्या नव्या शैक्षणिक धोरणानंतर पदवीच्या अभ्यासात गावात जाऊन केलेलं कामही धरतात. त्याचे श्रेयांक, म्हणजे क्रेडिट मिळतात. एका क्रेडिटला सत्रात ३० तास, दोन असतील तर ६०. एनएसएस वेगळं बरं का! ते १९६९ पासून आहे. मीही केलंय, शिबिरात खड्डे खणून हाताला फोड आले होते. इथे काम विषयाशी जोडायचं असतं. मराठी घेतलेल्या मुलीनं मुलांचं वाचन घ्यायचं, दिसलं ते वहीत लिहायचं आणि वर्गात त्यावर बोलायचं. पाचवीतला मुलगा जोडाक्षर आलं की थांबतो, तो का? घरी बोलतात ती भाषा वेगळी आहे म्हणून, की दुसरीतच काही सुटलं म्हणून? हे शोधणं हाच तिचा अभ्यास.

शिकवताना इयत्ता बाजूला ठेवायची. मूल अक्षर ओळखतं, शब्द वाचतं, चार ओळी वाचतं की गोष्ट वाचतं, ते बघायचं आणि तसे गट करायचे. मग चौथीतलं मूल दुसरीतल्याशेजारी बसलं तरी चालेल, फक्त त्याला कुणी चिडवू नये.

आता खरी गोम सांगते. एका वर्षी आमच्याकडे मुली चार दिवस आल्या, फोटो काढले, वहीवर सह्या घेतल्या आणि गेल्या. पोरं पुढचा आठवडाभर समाजमंदिराच्या पायरीवर पाट्या घेऊन बसत होती. सह्या आम्हीच केल्या होत्या, म्हणून दोष कॉलेजला तरी कसा द्यायचा?

यंदा गटानं ठरवलंय, पहिल्या दिवशी प्रत्येक मुलाकडून वाचून घ्यायचं आणि लिहून ठेवायचं. शेवटी तेच मूल पुन्हा आपल्यासमोर वाचेल, मगच सही. मुलींनी दोघी-दोघींनी यायचं, दिवेलागणीच्या आत घरी पोचायचं.

६० तास म्हणजे १५ आठवडे, आठवड्याला चार तास. सोमवार ते गुरुवार, पाच ते सहा. समाजमंदिराची किल्ली त्या तणतणणाऱ्या ताईंनीच मागून घेतली आहे.