कामाचे करार – लेखांक ६ : पाचशे पौंडांचे चारशे एकतीस

लंडनमधल्या बँकेला सहा महिन्यांसाठी डेटा इंजिनिअर हवा असला, की एजन्सीची जाहिरात जेमतेम दोन ओळींची असते. दिवसाला ५०० पौंड, आठवड्यातून दोन दिवस ऑफिसात हजेरी आणि शेवटी एकच शब्द : ‘इनसाइड’. मुरलेला कॉन्ट्रॅक्टर आधी तो शब्द बघतो, आकडा नंतर. ‘आउटसाइड’ असेल तर पाचशेचे बिल स्वतःच्या कंपनीच्या नावाने फाडायचे, ठरल्या दिवशी पैसे जमा. ‘इनसाइड’ असेल तर कागद-पेन घेऊन बसायचे.

बसूया. पाच दिवसांचे २,५०० पौंड. ‘इनसाइड’ कामात माणूस बहुधा ‘अम्ब्रेला’ कंपनीच्या पगारपत्रकावर जातो. ती आपले आठवड्याचे २५ पौंड आधी काढते. मग येतो मालकाच्या वाट्याचा नॅशनल इन्शुरन्स. एप्रिल २०२५ पासून त्याचा दर १३.८ टक्क्यांवरून १५ टक्के झाला आणि आकारणी वर्षाला ९,१०० ऐवजी ५,००० पौंडांपासूनच सुरू झाली. हे झाले साधारण ३०९ पौंड. अप्रेंटिसशिप लेव्हीचे आणखी अकरा. उरतात २,१५५, म्हणजे दिवसाला ४३१. मालकाने भरायचा पेन्शनचा हिस्सा यात धरलेलाच नाही आणि सुट्टीचा पगार निघतो तोही याच २,१५५ मधून. माणसाचा स्वतःचा आयकर आणि स्वतःचा इन्शुरन्स अजून कापला जायचाच आहे.

उलटे गणित केले तर ‘पगार’ म्हणून खरोखर पाचशे हातात धरायला दर ५८० च्या आसपास मागावा लागतो. घासाघीस होते ती या ऐंशी पौंडांवर. मालकाचा हिस्सा कामगाराच्या पगारातून कापायला कायद्याने मनाई आहे. त्यावरची पळवाट सोपी : तो हिस्सा जाहिरातीतल्या दरातच कोंबायचा. तिथे छापलेला दर हा पगार नसतोच, तो अम्ब्रेलाला मिळणारा ठोक आकडा असतो. नवखा माणूस पहिली पगारचिठ्ठी हातात पडेपर्यंत या समजुतीत असतो, की आपल्याला पाचशे मिळणार.

या सगळ्याचे मूळ एका प्रसिद्धिपत्रकात आहे. मार्च १९९९ मध्ये गॉर्डन ब्राउन यांच्या अर्थसंकल्पासोबत इनलँड रेव्हेन्यू या कर खात्याने बरीच पत्रके काढली, त्यातल्या एकाचा क्रमांक होता आयआर ३५. शुक्रवारी नोकरी सोडायची, सोमवारी त्याच टेबलावर स्वतःच्या एकखांबी कंपनीतर्फे येऊन बसायचे, पगार नाममात्र घ्यायचा आणि बाकीचे पैसे लाभांश म्हणून उचलायचे, हा प्रकार सरकारला डाचत होता, कारण लाभांशावर नॅशनल इन्शुरन्स लागत नाही. एप्रिल २००० पासून नियम आला : मधली कंपनी काढून टाकली तर हा माणूस नोकर ठरला असता का? ठरला असता, तर तो ‘आयआर ३५’च्या आत, म्हणजे ‘इनसाइड’, आणि करही नोकरासारखाच.

पण निवाडा कोणी करायचा? कॉन्ट्रॅक्टरने स्वतःच. अर्थातच बहुतेकांनी स्वतःला ‘आउटसाइड’ ठरवले.

खरी उलथापालथ झाली ती निवाड्याचे काम दुसऱ्याच्या गळ्यात घातल्यावर. एप्रिल २०१७ मध्ये सरकारी खात्यांवर, कोविडमुळे एक वर्ष लांबून एप्रिल २०२१ मध्ये मध्यम आणि मोठ्या खासगी कंपन्यांवर ही जबाबदारी आली. (छोट्या कंपन्यांचे काम घेणाऱ्यांसाठी जुनीच पद्धत राहिली.) कोण नोकर, याची कसोटी होती तशीच राहिली. चुकल्यास भुर्दंड कोणाला, एवढेच बदलले आणि तेवढ्यानेच बाजार हलला. बड्या बँकांनी २०१९ मध्येच स्वतःच्या कंपनीतर्फे येणाऱ्यांना दारे बंद करायला सुरुवात केली. प्रत्येक कामाचा काळजीपूर्वक विचार करा, लेखी निर्णय द्या, आक्षेप आला तर ४५ दिवसांत उत्तर द्या, असे कायदा सांगतो. त्यापेक्षा सरसकट ‘इनसाइड’ म्हणून मोकळे होणे कंपन्यांना परवडते.

त्यांच्या भीतीला आधारही होता. खुद्द सरकारी खात्यांनाच हे झेपले नाही. ब्रिटिश लेखापरीक्षण कार्यालयाच्या फेब्रुवारी २०२२ च्या अहवालानुसार २०२०-२१ मध्ये नियम चुकीचे लावल्यापोटी खात्यांकडून २६.३ कोटी पौंडांचे देणे निघाले होते. त्यात एकट्या कामगार व निवृत्तिवेतन खात्याचा वाटा ८.७९ कोटींचा. या खिशातून त्या खिशात, आणि दोन्ही खिसे करदात्याचेच.

करारांची भाषाही या भीतीने बदलली. ‘आउटसाइड’ करारात तीन कलमे हमखास सापडतात : गरज पडल्यास कॉन्ट्रॅक्टर आपल्या जागी दुसरा माणूस पाठवू शकेल, काम कसे करायचे हे ग्राहक ठरवणार नाही, हे काम संपल्यावर पुढचे द्यायला ग्राहक आणि घ्यायला कॉन्ट्रॅक्टर बांधील नाही. ही घडण १९६८ च्या एका खटल्यातून आली. त्यातला ट्रकचालक रेडी मिक्स्ड काँक्रीट कंपनीच्या रंगात रंगवलेला ट्रक चालवायचा, तिचाच गणवेश घालायचा, तरी न्यायालयाने त्याला स्वतंत्र ठेकेदार मानले, कारण ट्रक त्याने स्वतः हप्त्यांवर घेतलेला होता आणि गरज पडल्यास बदली चालक तो देऊ शकत होता. आता तर दिवसाच्या दराऐवजी टप्प्याटप्प्याने काम सोपवून पैसे घ्यायचे आणि करवसुली निघालीच तर ती कोणी सोसायची याचे कलमही टाकायचे, असे करार होतात.

मात्र कागदावरच्या कलमाला वास्तवाची जोड नसली, की न्यायाधिकरण ते बाजूला सारते. बदली माणूस पाठवायचा हक्क लिहिलेला आहे, पण पाठवला असता तर ग्राहकाने त्याला फाटकातून आत घेतले असते का? टीव्ही-रेडिओवरच्या मंडळींचे खटले म्हणूनच वाचनीय आहेत. बीबीसीच्या बातम्या देणाऱ्या क्रिस्टा ॲक्रॉइड २०१८ मध्ये हरल्या आणि त्यांच्या कंपनीकडे ४,१९,१५१ पौंडांची मागणी उभी राहिली. पुढच्याच वर्षी आयटीव्हीच्या लोरेन केली जिंकल्या. रेडिओच्या के ॲडम्स यांचा खटला खालून वर आणि पुन्हा खाली असा फिरून २०२३ मध्ये त्यांच्या बाजूने लागला. इतकी वर्षे आणि इतके वकील लागत असतील, तर सामान्य प्रोग्रॅमरने हा निवाडा कर खात्याच्या एका ऑनलाइन प्रश्नावलीवर करावा ही अपेक्षा जरा जास्तच म्हणायची.

पुण्या-मुंबईहून आयटी कंपन्यांतर्फे ब्रिटनला गेलेल्यांना हा प्रश्न उशिरा भेटतो. कुशल कामगारांचा व्हिसा मालकाशी बांधलेला असतो. कायम वास्तव्याचा परवाना मिळाल्यावरच कॉन्ट्रॅक्टिंगचा रस्ता खुला होतो. पण नोकर की सल्लागार हा तंटा पुण्याला मुळीच अनोळखी नाही. रुबी हॉल क्लिनिकमधले डॉक्टर पगारदार, म्हणून त्यांच्या पैशांतून पगाराप्रमाणे टीडीएस कापायला हवा होता, असा आयकर खात्याचा दावा होता. रुग्णालय त्यांना व्यावसायिक सल्लागार मानून १९४ जे कलमाखाली कापत होते. मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये रुग्णालयाच्या बाजूने कौल दिला. डॉक्टरांच्या करारातल्या अटी आणि कामातली त्यांची मोकळीक यांवरच तिथेही खल झाला.

ब्रिटनमध्ये तेव्हाचे अर्थमंत्री क्वासी क्वार्टेंग यांनी २३ सप्टेंबर २०२२ रोजी २०१७ आणि २०२१ चे बदल रद्द करण्याची घोषणा केली. चोविसाव्या दिवशी त्यांच्या जागी आलेल्या जेरेमी हंट यांनी ती मागे घेतली. त्यानंतर दुरुस्त्या झाल्या त्या किरकोळ. एप्रिल २०२४ पासून एवढा दिलासा मिळाला, की कॉन्ट्रॅक्टरने आधीच भरलेला कर ग्राहकाकडच्या मागणीतून वजा धरला जातो. एप्रिल २०२६ पासूनचा बदल अम्ब्रेला कंपन्यांबद्दलचा आहे : त्यांनी बुडवलेल्या कराची वसुली एजन्सीकडूनही होऊ शकेल. भुर्दंडाची जागा पुन्हा एकदा सरकली आहे. त्याने एजन्सींची दरपत्रके कशी बदलतील, ते पुढच्या लेखांकात.