आठ कोअरचा फोन आठपट फास्ट का नसतो?

आमच्या कुंभार पिंपळगावात कुणी नवा फोन घ्यायला निघालं की पहिला प्रश्न ठरलेला, "ऑक्टाकोअर आहे ना?" ऊस-कापसाच्या पैशातून पंधरा-वीस हजार मोजायचे, तर चौकशी होणारच. पण मी उलटं विचारतो: त्या आठ कोअरना डेटा वेळेवर पोचतो का?

उसाचा सीझन आठवा. तोडीच्या आठ टोळ्या लावल्या, पण कारखान्यावर काटा एकच असला, तर ट्रॅक्टर रांगेतच उभे राहणार. टोळ्या वाढवून गाळप वाढत नाही.

2 गिगाहर्ट्झचा कोअर सेकंदाला 200 कोटी ठोके देतो. रॅममधून एक आकडा आणायला साधारण 100 नॅनोसेकंद लागतात, म्हणजे तेवढ्यात 200 ठोके फुकट! म्हणून कोअरच्या अगदी शेजारी कॅश नावाची छोटी, वेगवान मेमरी ठेवतात. इथून खरी डोकेदुखी सुरू होते. एकाच आकड्याची कॉपी दोन कोअरकडे असेल आणि एकाने ती बदलली, तर दुसऱ्याकडची बाद. सातबाऱ्यावर फेरफार झाला की घरातली जुनी झेरॉक्स बाद होते ना, अगदी तसंच. हे प्रत्येक कोअरला कळवत बसायचं म्हणजे वायरींवर आणखी गर्दी. आठ कोअरमध्ये निभतं, शेकड्यांत फार अवघड.

पुण्याच्या सी-डॅकने यावर वेगळी वाट धरली होती. अमेरिका हवा तेवढा ताकदवान क्रे सुपरकॉम्प्युटर द्यायला तयार नव्हती, म्हणून 1988 मध्ये ही संस्था उभी राहिली. डॉ. विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली 1991 मध्ये 'परम 8000' तयार झाला. त्यात 64 ट्रान्सप्युटर, म्हणजे ब्रिटनच्या इनमॉस कंपनीचे प्रोसेसर. सामायिक मेमरीच नाही! प्रत्येकाची मेमरी स्वतःची. दुसऱ्याकडचं काही हवं असेल तर निरोप पाठवायचा. आता 64 जणांना एकमेकांशी थेट जोडायचं तर 2016 जोडण्या लागतात. ट्रान्सप्युटरला लिंक मात्र चारच. मग कोण कुणाचा शेजारी आणि निरोप कुणामार्फत जाणार, हे ठरवणं हेच मोठं डिझाइन. मला तर परमचं खरं कौतुक इथेच वाटतं.

पुढे 2007 मध्ये पुण्यातच टाटांच्या सीआरएलने 'एका' उभारला. नोव्हेंबरच्या जागतिक यादीत तो चौथा आला. त्याची कपाटं जवळजवळ गोलाकार मांडली होती, केबल आखूड राहाव्यात म्हणून.

तुमच्या फोनमध्ये रॅमची वाट कोअर, ग्राफिक्स आणि कॅमेरा सगळेच वापरतात. म्हणून दुकानात कोअर मोजण्याआधी रॅमचा प्रकार विचारा. एलपीडीडीआर4एक्समध्ये एका डेटा-वायरवरून सेकंदाला जास्तीत जास्त सुमारे 427 कोटी बिट जातात, एलपीडीडीआर5 मध्ये 640 कोटी. दुकानदाराला सांगता आलं नाही, तर कंपनीच्या वेबसाइटवर मॉडेलचं नाव टाकून बघा.