शाहू मिल बंद झाली, मग काम कुठे गेले?

कोल्हापुरात शाहू मिलचा विषय निघाला की चर्चा स्मारकावर येऊन थांबते. स्मारक व्हायलाच हवे. पण मिलनंतर शहराचे पोट कशावर चालते आणि त्यात आपल्या तरुणांचा वाटा काय, हेही आपण समजून घेतले पाहिजे.

राजर्षी शाहू महाराजांनी 26 जुलै 1902 रोजी संस्थानच्या नोकऱ्यांत मागासवर्गीयांसाठी 50 टक्के जागा राखून ठेवल्या. 1906 मध्ये त्यांनी सूत-कापड गिरणीचा पाया घातला. नोकरीतला वाटा आणि उद्योग ही दोन्ही कामे त्यांनी चार वर्षांच्या अंतराने हाती घेतली. पुढे ही मिल सरकारी महामंडळाकडे गेली आणि 2003 मध्ये बंद पडली.

मिल बंद झाली म्हणून कोल्हापूर ओस पडले नाही. ऑइल इंजिनांवर वाढलेले उद्यमनगर आधीपासून होते. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले एमआयडीसीत फौंड्री आणि मशीन शॉप वाढले. इथले कास्टिंग देशभरच्या वाहन उद्योगाला जाते. साखर कारखाने आणि दूध संघ ग्रामीण भागात पैसा फिरवतात. कापडाचे केंद्र इचलकरंजी आहे. तिथे 1904 मध्येच पहिला यंत्रमाग आला होता.

म्हणजे काम आहे, पण कामाचे स्वरूप बदलले. मोठ्या मिलमध्ये हजेरीपट, युनियन आणि कायम नोकरी असते. यंत्रमागाच्या शेडमध्ये मजुरी मीटरवर मिळते. फौंड्रीत अनेकजण ठेकेदाराकडे राबतात. शेडमधली कामगारसंख्या कायद्याच्या मर्यादेखाली राहिली की भविष्य निर्वाह निधी आणि ईएसआय सहज टळतात. शिवाय घटनेच्या कलम 16(4) मधले आरक्षण सरकारी सेवेपुरते आहे, खासगी फौंड्रीला ते लागू नाही. अशा ठिकाणी भरती ओळखीने होते. कारखाना काढायला जमीन आणि भांडवल लागते, आणि या दोन्ही गोष्टींपासून आपल्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या दूर ठेवले गेले.

कामात जात कशी शिरते, हे बाबासाहेबांनी मुंबईच्या गिरण्यांत दाखवून दिले. तिथे अस्पृश्य कामगारांना जास्त पगाराच्या साचेखात्यात घेत नसत. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागतो, म्हणून विटाळ होतो, हे त्याचे कारण! 1928 च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर मांडला. 1938 मध्ये मनमाडला त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू असल्याचे सांगितले.

आज कोल्हापुरात आपल्यापुढचे काम ठरलेले आहे. आपल्या वस्तीतले किती तरुण एमआयडीसीत जातात, त्यातले कायम किती आणि ठेक्यावर किती, कोणाला पगाराची पावती मिळते, याची यादी प्रत्येक शाखेने करावी. ठेका कामगारांना युनियनशी जोडावे. मिलच्या जागेवर जे काही उभे राहील, त्यात स्मारकासोबत कौशल्य प्रशिक्षण आणि रोजगाराची मागणी लावून धरावी. शाहू महाराजांनी मिल काढली ती हातांना काम मिळावे म्हणून. त्या जागेचा विचार करताना हे विसरून चालणार नाही.