जुन्या मोटारींचे सुरक्षापट्टे: काही रूढ समजुती

जुन्या मोटारगाड्या हौसेने बाळगणाऱ्या मंडळींत सुरक्षापट्ट्याविषयी दोन पंथ आहेत. पहिल्याचे म्हणणे असे की, ज्या गाडीचा पत्रा जाड, चासी भक्कम आणि बंपर निखळ पोलादाचा, तिच्यात बसणाऱ्यास पट्ट्याची मातब्बरी ती काय. दुसऱ्याचे म्हणणे असे की, कारखान्यातून गाडीबरोबर जो पट्टा आला तो अस्सल, सबब तो बदलणे म्हणजे गाडीच्या अब्रूस बट्टा लावणे.

पहिल्या पंथास अमेरिकेतील विमा कंपन्यांनी चालविलेल्या महामार्ग-सुरक्षा संस्थेने 2009 साली नेमका जबाब दिला. 1959 सालची शेव्हरोले बेल एअर आणि 2009 सालची शेव्हरोले मालिबू या दोन गाड्या ताशी सुमारे 64 किलोमीटर वेगाने, किंचित बाजूस सरकवून, समोरासमोर आदळविल्या असता मालिबूतील चालकाची जागा शाबूत राहिली आणि बेल एअरचे ते भारदस्त धूड चालकाच्या जागेवरच चेपत आले. पोलाद किती, यापेक्षा ते कोठे चेपावे आणि कोठे चेपू नये याचा विचार किती, हा खरा प्रश्न आहे. आणि ज्या काळी स्टिअरिंगचा ताठ दांडा थेट चालकाच्या छातीवर रोखलेला असे, त्या काळी तो विचार फारसा झालेला नव्हता.

‘गाडी हळूच चालवितो, वेळ आली तर हातांनी सावरून धरू’ हे वाक्य तर इतक्या आत्मविश्वासाने उच्चारले जाते की साधे गणित मांडणेही उद्धटपणाचे वाटावे. ताशी 50 किलोमीटर वेगाने जाणारा 70 किलो वजनाचा माणूस अर्ध्या मीटरच्या अंतरात थांबवावयाचा तर सुमारे 1,400 किलोंच्या भाराइतका जोर लागतो; आणि तो वेग म्हणजे तीन मजल्यांच्या इमारतीवरून खाली पडणाऱ्याचा वेग होय. पडताना भुईवर हात टेकून स्वतःस सावरीन, असे कोणी म्हणत नाही.

इतिहासाबाबतही थोडी गफलत आहे. मोटारीच्या पट्ट्याचे पहिले पेटंट न्यूयॉर्कच्या एडवर्ड क्लॅघॉर्न याने 1885 साली घेतले असे सांगतात. परंतु कार्ल बेन्झने आपल्या मोटारीच्या पेटंटासाठी अर्ज केला तोच मुळी 1886 च्या जानेवारीत, आणि क्लॅघॉर्नचा पट्टा होता माणसास आकड्यांनी एखाद्या स्थिर वस्तूशी जखडण्याचा. तीन टोकांचा पट्टाही सर्वस्वी व्होल्वोचा शोध नव्हे. ग्रिसवोल्ड आणि डीहेवन यांना तशा पट्ट्याचे अमेरिकन पेटंट 1955 सालीच मिळाले होते. 1959 साली व्होल्वोच्या गाड्यांत आलेल्या पट्ट्याचा कर्ता नील्स बोलिन, जो आधी साब कंपनीत विमानांतून वैमानिकास बाहेर फेकणाऱ्या आसनांवर काम करीत असे, त्याचे श्रेय निराळे: त्याने बकल पोटावरून काढून कमरेच्या बाजूस नेले, आणि छातीवरचा व मांडीवरचा असे दोन्ही पट्टे एका हाताने लावता येतील अशी तजवीज केली.

आता जुना, नुसता कमरेचा पट्टा. ‘नसण्यापेक्षा तो बरा’ हे खरे, पण अर्धेच खरे. हा पट्टा पोटावर बांधावयाचा नसतो. त्याची जागा पोटाच्या खाली, कटीच्या दोन्ही बाजूंस हाताला लागणाऱ्या हाडाच्या कडांवर आहे. तेथे तो घट्ट असेल तर धक्का हाड सोसते. तोच सैल राहून वर सरकला तर सारा भार आतड्यांवर पडतो, आणि शरीर पट्ट्यावर दुमडले जाऊन कण्याचा मणका आडवा फाटल्याची उदाहरणे वैद्यकास चांगली परिचित आहेत. शिवाय वरचे धड मोकळेच राहते. डोके डॅशबोर्डवर आपटू नये याची हमी कमरेचा पट्टा देत नाही, देऊ शकत नाही.

दुसऱ्या पंथाने बकलाचे क्रोमियम पुसून चकाकविण्यापूर्वी पट्ट्याचे कापड पाहावे. कडा केसाळ झाल्या आहेत काय, शिवणीचा दोरा बोटाने उचकटतो काय, उन्हाने रंग उडून कापड ताठर झाले आहे काय? नायलॉन उन्हातील अतिनील किरणांनी हळूहळू दुबळे होते. मोठ्या अपघातात एकदा ताणला गेलेला पट्टा दिसावयास धडधाकट असला तरी निकामीच समजावा, कारण ताणले जाऊन धक्का गिळणे हेच त्याचे काम, आणि ते त्याने एकवार बजावलेले असते. रिळाच्या पट्ट्याची परीक्षा हिसका देऊन करण्याची चाल आहे, तीही पुरती भरवशाची नाही. काही रिळे हिसक्याने अडकतात, तर काही गाडीचा वेग एकाएकी घटला अथवा गाडी कलली म्हणजे आतील गोळी किंवा लंबक हलून अडकतात. अशी रिळे तिरकस बसविली तर नको तेव्हा अडकून बसतील, नाही तर हवी तेव्हा अडकणारच नाहीत.

शर्यतीच्या गाडीतील चार टोकांचा पट्टा आणून बसविला की काम फत्ते, हा समज मला सर्वांत घातक वाटतो. त्याचे खांद्यावरील पट्टे मागच्या फरशीवर खाली ओढून बांधले तर धक्क्याच्या वेळी ते कण्यासच खाली दाबतात. त्यापेक्षा कमी डौलाचे, पण मोलाचे काम म्हणजे बोल्टखालचा पत्रा तपासणे. 7/16 इंची बोल्ट नवा कोरा असून उपयोग नाही. गंजलेल्या किंवा पातळ पत्र्यातून तो धक्क्यासरशी पत्र्यासकट उपटून येतो, म्हणून पत्र्याच्या मागून पोलादी पट्टी देऊन भार पसरवावा लागतो.

कायद्याचे म्हणाल, तर ‘जुन्या गाडीस सर्व माफ’ हेही पुरते खरे नाही. ब्रिटनमध्ये, गाडी तयार झाली तेव्हा पट्ट्याची सक्ती नसेल, तर आज तो बसविलाच पाहिजे असे नाही. मात्र बसविला असेल तर लावण्यास कसूर चालत नाही. आणि अशा पट्टेविरहित गाडीत तीन वर्षांखालील मुलास नेण्यास तेथे सरळ मनाई आहे. त्याहून मोठ्या मुलांना मुभा आहे ती मागील आसनांपुरतीच.